पायाखालचा रस्ता

माझ्या नवऱ्यानं मला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं ते सकाळच्या पोह्यांवर.

"तुम्ही लिंबू घेणार का?" निनादनं विचारलं.

मला वाटलं, स्वारी थट्टेच्या मूडमध्ये आहे. आम्ही कॉलेजपासूनचे, एकमेकांना अरे-तुरे करणारे. मीही सूर मिसळला, "इश्श, अहो, आधी तुम्ही घ्या." तो हसला नाही. लिंबाची फोड त्यानं माझ्या बशीच्या कडेला ठेवली, पाहुण्यांना ठेवतात तशी, आणि डबा घेऊन कामावर गेला. मला ते तेवढ्यापुरतं विचित्र वाटलं, मग दिवसभराच्या धांदलीत मी विसरले.

निनाद डायलिसिसची यंत्रं दुरुस्त करतो. आमचं घर कऱ्हाडात, पण त्याचा कामाचा पसारा सातारा, सांगली, कोल्हापूर आणि घाट उतरून पार चिपळूणपर्यंत. हल्ली लहानसहान गावांच्या दवाखान्यांतही डायलिसिस होतं. यंत्रं आली म्हणजे बिघडणं आलं, आणि यंत्र बिघडलं की पेशंट खाटेवर ताटकळत बसतो. यंत्रापुढे उभा केला तर निनाद जादूगार. रस्त्यावर मात्र सगळा आनंदीआनंद! लिफ्टमधून बाहेर आला की घर ज्या बाजूला त्याच्या उलट बाजूला वळायचा. चुकला फकीर मशिदीत म्हणतात, आमचा फकीर मशिदीतही चुकायचा.

मी हसायचे, पण त्याला ते हसण्यावारी नेता यायचं नाही. अनोळखी रस्त्यावर त्याच्या तळहातांना घाम फुटायचा. तिकडे कुणाचं तरी रक्त शुद्ध व्हायचं थांबलंय आणि आपण इथे कुठल्या तरी तिठ्यावर उभे आहोत, या विचारानं तो अर्धा व्हायचा.

तेव्हा मोबाइलमधली बाई होती. 'पुढे डावीकडे वळा.' तिचा आणि निनादचा उभा दावा. तिनं त्याला उसाच्या फडात घातलं होतं, एकदा लग्नाच्या मांडवात नेऊन सोडलं होतं, आणि एकदा अर्धवट बांधलेल्या पुलाच्या टोकाला. त्या पुलावर तो वाचला, कारण त्याचा तिच्यावर काडीचा विश्वास नव्हता. "ही बया काहीही सांगते," म्हणत तो उतरून बघायला गेला आणि पुढे पूलच नव्हता.

जीपीएसबद्दल लोकांचा एक मोठा गैरसमज असतो. उपग्रह फक्त एवढंच सांगतात, की तुमची गाडी पृथ्वीवर नेमकी कुठे आहे. रस्ता कुठे आहे, हे उपग्रहांना ठाऊक नसतं. ते नकाशाला ठाऊक असतं, आणि नकाशा कुणीतरी, कधीतरी, कुठेतरी बसून केलेला असतो. पण बाई इतक्या ठाम आवाजात बोलायची, की तिला आकाशातून सगळं दिसतंय असंच वाटायचं. अशा ठाम आवाजामागे जाऊन पुष्कळ माणसं मेली. उरलेल्यांनी स्क्रीनकडे बघता बघता समोरच्याला ठोकलं.

मग 'सोबत' आलं.

मी बहिऱ्यांना श्रवणयंत्रं बसवते. गल्लीत मला 'कानाची बाई' म्हणतात. त्यामुळे कानामागे बसणारं हे नवं यंत्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्यात फार काही नवल वाटलं नाही. आकार तोच, रंग तोच. मात्र ते कानाशी काही बोलत नव्हतं. ते थेट मेंदूशी बोलायचं.

आपण एखादी गोष्ट ओळखतो तेव्हा डोक्यात दोन वेगळी कामं होतात. पाटी वाचली, कऱ्हाड आलं: हे झालं कळणं. 'हां, आलं आपलं गाव' म्हणून खांदे सैल पडले: हे झालं वाटणं. ही दोन कामं मेंदूचे दोन वेगळे भाग करतात, आणि ती एरवी इतकी हातात हात घालून होतात की आपल्याला एकच वाटतात. 'सोबत'नं त्यातलं फक्त दुसरं काम उचललं. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी कानशिलाच्या आत एका बारीक ठिपक्यावर एकवटायच्या, आणि तिथून 'हे ओळखीचं आहे' अशी भावना जागी करायच्या. जायचं गाव आधी सांगून ठेवायचं; मग गाडी बरोबर रस्त्यावर असेपर्यंत तुम्हाला वाटत राहायचं, की इथून आपण हजारदा गेलोय. चुकीचं वळण घेतलंत की ते वाटणं विझायचं, आणि परक्याच्या स्वयंपाकघरात शिरल्यासारखं व्हायचं. माणूस आपोआप मागे फिरायचा. स्क्रीन नको, आवाज नको. जाहिरात होती: 'सोबत. आता प्रत्येक रस्ता पायाखालचा.'

अपघात खरोखरच कमी झाले, हे मान्य करायला हवं. आणि आमच्या घरात तर दिवाळी आली. निनाद गाणी गुणगुणत कामाला जायला लागला. सुट्टीच्या दिवशी "चल गं, कुठेतरी जाऊ," म्हणायला लागला. ज्या माणसाला शेजारच्या पेठेत जायची धास्ती, तो मला कुठकुठल्या घाटांतून फिरवून आणायचा, आणि मी बाजूला बसून शेंगा सोलायचे. ते वर्ष आमचं फार चांगलं गेलं.

पण माझ्या धंद्यात एक गोष्ट रोज दिसते. मेंदू हा पक्का व्यापारी आहे. बाहेरून माल फुकट मिळायला लागला की तो स्वतःचा कारखाना बंद करतो. निनादच्या डोक्यात तेच झालं. ओळखीची भावना दिवसभर कानामागून मिळत होती, मग ती आतून कशाला तयार करायची? यंत्र काढून तो घरी यायचा तेव्हा घर त्याला कळायचं, पण वाटायचं नाही. खिशात किल्ली असून तो बेल वाजवायला लागला. स्वतःच्या कपाटातून शर्ट काढताना माझ्याकडे बघायचा, घेऊ का, असं विचारल्यासारखं.

'तुम्ही' जेव्हा रोजचं झालं तेव्हा मी त्याला समोर बसवलं.

"मी कोण?"

"केतकी."

"तुझी कोण?"

"बायको."

"मग हे तुम्ही-तुम्ही काय लावलंय?"

तो खूप ओशाळला. "कळतं मला. तुम्ही केतकी आहात, आपलं लग्न झालंय, सगळं कळतं. पण वाटत नाही. कुणीतरी सभ्य बाई आपल्या घरात राहायला आल्यात, असं वाटतं. तोंडातून 'तू' निघत नाही. उद्धटपणा होईल असं वाटतं."

कळतं पण वळत नाही, हे आपण जन्मभर ऐकतो. कळतं पण वाटत नाही, हे नवीनच होतं. मला त्या दिवशी फार एकटं वाटलं. नवरा भांडला तर भांडता येतं, रुसला तर समजूत काढता येते. नवरा अदबीनं वागायला लागला तर बायकोनं करायचं काय?

पुण्याच्या मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं, यंत्र काढून ठेवा. आतला कारखाना पुन्हा सुरू होईल. कधी, ते सांगता येत नाही. होईलच असंही सांगता येत नाही. निनादनं प्रयत्न केला. यंत्र न लावता भाजी आणायला गेला, आणि मंडईच्या पायऱ्यांवर डोकं धरून बसलेला मला सापडला. सगळी मंडई, सगळे चेहरे, जन्मभराचं गाव त्याच्या अंगावर येत होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं यंत्र परत लावलं.

"डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना?" मी चिडले.

"ऐकलं. पण हे नसलं की सगळंच परकं असतं. हे असलं की निदान रस्ता तरी माझा असतो."

घर, मी आणि रस्ता यांत रस्ता जिंकला होता. मला त्या वीतभरही नसलेल्या यंत्राचा सवतीचा असावा तसा मत्सर वाटला, आणि तो वाटल्याची लाजही वाटली नाही.

श्रावणातल्या एका रविवारी सकाळी देवखिंडीच्या दवाखान्यातून फोन आला. तिथली दोन्ही यंत्रं बंद पडली होती. एक बाई पेशंट होती, तिच्या रक्तातलं पोटॅशियम जिवावर बेतेल इतकं वाढत चाललेलं, आणि दरड कोसळून मुख्य रस्ता बंद झाल्यामुळे तिला दुसरीकडे हलवता येत नव्हतं. निनाद पाच मिनिटांत तयार झाला.

"मी येते बरोबर," मी म्हटलं.

"या की," तो म्हणाला. "पण बसायला जरा अडचण होईल तुम्हाला. मागे सामान आहे."

व्हॅन कंपनीची, जुनी. नव्या गाड्या अडथळा दिसला की आपल्या आपण थांबतात, ही पाय ठेवल्याशिवाय थांबत नव्हती. डोंगर लागले आणि धुकं सुरू झालं. दरडीच्या अलीकडे निनाद न विचारता, न अडखळता एका फाट्यावर वळला. आंबेघोळ नावाचं गाव लागलं: एकसारखी घरं, सरळ गल्ल्या, पाण्याची टाकी. ते मागे गेलं, आणि थोड्याच वेळानं रस्त्याच्या कडेला एक गंजलेली पाटी दिसली. आंबेघोळ, आणि पुढे दाखवणारा बाण.

"निनाद, आंबेघोळ तर मागे गेलं."

"मग हे दुसरं असेल."

बोलताना त्याचा चेहरा मी पाहिला. कित्येक महिन्यांत इतका शांत चेहरा पाहिला नव्हता. कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. माहेरी निघालेल्या बाईचा एसटीत बसल्यावर होतो तसा चेहरा. "किती दिवसांनी येतोय इकडे," तो म्हणाला.

"तू इकडे कधीच आलेला नाहीस!"

"तुम्हाला काय माहीत?" तो हसून म्हणाला, आणि त्यात रागाचा लवलेश नव्हता.

पुढे एसटीच्या जुन्या शेडमध्ये दोघं जण पावसापासून आडोशाला उभे होते. व्हॅन पाहून ते पुढे आले आणि दोन्ही हात हलवायला लागले. मला ते काहीतरी ओरडताना दिसले. काचा बंद होत्या.

"थांब, ते काहीतरी सांगतायत. रस्ता विचारू."

"ओळखीच्या रस्त्यावर कुणी रस्ता विचारतं का?" निनादनं काच खाली न करता हात वर केला आणि त्यांना प्रेमानं हलवून दाखवला. "ओळखीचे दिसतायत."

मला तेव्हा खरी भीती वाटली. धोक्याचा इशारा करणारा माणूसही ज्याला रामराम करणारा वाटतो, त्याला कसं अडवायचं? मी खाली बघितलं. डांबर चांगलं होतं, खड्डा एक नव्हता. पण मधोमध गवत उगवलं होतं, त्यावर शेवाळ होतं, आणि एकाही टायरची खूण नव्हती. चांगला रस्ता आणि त्यावर कुणीच जात नाही, असं आपल्या देशात कधी होतं का?

"निनाद, गाडी थांबव. मला उतरून बघू दे."

त्यानं लगेच थांबवली. मला हायसं वाटलं. मी उतरून दार लावलं, तेव्हा तो वाकून म्हणाला, "सावकाश जा हं. घसरडं आहे."

मी पुढे चालत गेले. धुकं इतकं दाट, की दहा पावलांपलीकडचं दिसेना. रस्ता उताराला लागला. दोन्ही बाजूंना जुने दगडी कठडे होते. मग चपलेत गार काहीतरी शिरलं आणि मी खाली पाहिलं. पाणी होतं. त्याला काठ नव्हता, लाट नव्हती. धुक्याच्या रंगाचं पाणी डांबराच्या रंगात मिसळलेलं, आणि त्यात पावसाचे थेंब पडून वर्तुळं उठत होती. पाण्याखाली रस्त्याची कड सरळ खाली उतरत गेलेली दिसत होती.

मी वळले, तर व्हॅनचे दिवे माझ्याकडे येत होते.

क्षणभर मला वाटलं, तो माझ्या मदतीला येतोय. मग मला त्याचं ते 'सावकाश जा हं' आठवलं. त्याच्या लेखी त्यानं कुणा बाईला वाटेत बसवून घेतलं होतं, तिचं ठिकाण आलं, ती उतरली. आता तो त्याच्या कामाला निघाला होता. इतके दिवस त्याला निदान मी कोण ते कळत तरी होतं. घाईनं आणि त्या रस्त्याच्या ओढीनं आता तेही पुसलं होतं.

मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले आणि दोन्ही हात पसरले.

त्यानं हॉर्न वाजवला. मी हलले नाही. त्यानं काच खाली केली. "ओ ताई! बाजूला व्हा! पेशंट खोळंबलाय!"

"निनाद, पुढे पाणी आहे! धरण आहे!"

"कसलं धरण? मी रोजचा आहे या रस्त्यावर!"

व्हॅन उतारावर होती. मला त्याचे डोळे दिसत होते, आणि त्या डोळ्यांत मी कुणीच नव्हते. मग त्यानं ब्रेक दाबला. शेवाळावरून चाकं घसरली, व्हॅन तिरकी झाली, कठड्याला घासली, आणि तिचं नाक माझ्या पसरलेल्या हातांना येऊन टेकलं. मी घोट्यापर्यंत पाण्यात होते.

तो धडपडत खाली उतरला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "वेड लागलंय का तुम्हाला? मरायचंय का? लागलं नाही ना कुठे?"

आधी मला जिवंत असल्याचा आनंद झाला. मग लक्षात आलं, तो माझ्यासाठी थांबला नव्हता. माझ्या जागी कुणीही परकी बाई असती तरी तो थांबलाच असता. निनाद चांगला माणूस आहे, एवढंच त्यातून सिद्ध झालं. त्या वेळी मला तेवढं पुरेना, आणि मी पाण्यातच उभी राहून रडले.

तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. मग त्याची नजर माझ्या पायांकडे गेली, तिथून मागे, पाण्यात शिरलेल्या रस्त्याकडे. पुढे होऊन त्यानं पाण्यात हात बुडवला.

"रस्ता माझाच आहे हो," तो हळूच म्हणाला. "पण हे पाणी माझ्या ओळखीचं नाही."

"ते कानामागचं काढा," मी म्हटलं. मीही नकळत 'तुम्ही'वर आले होते. परक्या माणसाशी बोलायची तीच रीत ना.

"हे काढलं तर इथलं काहीच ओळखीचं उरणार नाही."

"मलाही इथलं काही ओळखीचं नाही. विचारत विचारत जाऊ."

तो बराच वेळ माझ्याकडे बघत होता. एक अनोळखी बाई, भिजलेली, रडून नाक लाल झालेली. ती म्हणते तिला रस्ता माहीत नाही, आणि तरी म्हणते चला. शेवटी त्यानं यंत्र काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. ते कोमट होतं. दुसऱ्याच क्षणी त्यानं व्हॅनचा दरवाजा धरला, डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांनीच जाऊन माझ्या जागेवर बसला. मी स्टिअरिंग हातात घेतलं.

तेवढ्यात शेडमधले दोघं मोटरसायकलवरून येऊन थडकले. पुढचा उतरला तो बोलतच. "आवं काय मानसं हायसा का कोन! आमी तिकडनं वराडतोय, पानी हाय, पानी हाय, आनि तुमचं मालक उलट आमालाच हात करत्यात!"

"चकवा लागला असंल," मागचा म्हणाला.

त्यांनीच सांगितलं. हा रस्ता जुन्या आंबेघोळचा, पूर्वी तिथूनच पुढे देवखिंडीला जायचा. गाव धरणात गेलं, माणसं वर नव्या गावात आली आणि नावही तेच घेऊन आली. वैशाखात पाणी उतरलं की जुन्या गावातलं वाघजाईचं देऊळ उघडं पडतं. तेव्हा मुंबई-पुण्याला गेलेलं सगळं गाव गाड्या काढून जत्रेला येतं, आणि याच रस्त्यानं खाली उतरतं. पाऊस लागला की देवी पुन्हा पाण्यात, रस्ताही पाण्यात.

देवखिंडीला जायचा रस्ता डोंगरावरून होता. मोटरसायकल पुढे आणि मी मागे, असे आम्ही गेलो. निनाद वाटभर सीटची कड घट्ट धरून बसला होता. दर वळणाला दचकत होता, पण उतरतो म्हणाला नाही. दवाखान्यात पोचल्यावर मला धाकधूक होती. पण यंत्राचं झाकण उघडलं आणि त्याचे हात थांबले ते काम संपल्यावरच. त्या हातांना ओळखीची गरज नव्हती. दुपारी यंत्र सुरू झालं. ती बाई वाचली. तिच्या लेकीनं आम्हाला बळंबळं पिठलं-भाकरी खायला लावली. "या माझ्या मिसेस," निनादनं तिला सांगितलं; कळणं तेवढं परत आलं होतं.

नंतर 'सोबत'च्या कंपनीतून एक इंजिनिअर घरी आला. भला माणूस होता, चहा न घेता सगळं सांगत बसला. यंत्र नुसतं भावना देत नव्हतं, ते भावना मोजतही होतं. ज्या रस्त्यावर चालकांचा मेंदू निवांत, त्या रस्त्याला जास्त गुण; वाट निवडताना त्याला पहिला मान, आणि त्यावर ओळखीची भावनाही तेवढीच गडद. खड्ड्यांत आणि धोक्यात कुणी निवांत नसतं, तेव्हा हिशेब तसा चुकीचा नव्हता. पण आंबेघोळच्या त्या रस्त्याला तालुक्यातले सगळ्यांत जास्त गुण होते.

"का?" निनादनं विचारलं.

"कारण त्यावरून जाणारा प्रत्येक जण घरी चालला होता," तो म्हणाला. "नकाशात धरणाच्या पाण्याची रेघ होती. पण वैशाखात शेकडो गाड्या त्या रेघेच्या आत गेल्या आणि सुखरूप परत आल्या. यंत्रानं रेघच चुकीची ठरवली. माणसं किती निवांत आहेत ते आम्ही मोजलं. कशामुळे, ते मोजायचं साधन आमच्याकडे नव्हतं."

निनादनं कानामागे, यंत्र बसायचं तिथे, हात नेला. मग म्हणाला, "म्हणजे मला त्या दिवशी जे वाटलं, ते त्यांचं होतं."

"हो."

"बुडालेल्या गावाची ओढ मला लागली," तो म्हणाला. "आणि इथे बसलोय तर काही वाटत नाही." तो माझ्याकडे बघत नव्हता, त्याला लाज वाटत होती. मी चहाचे कप उचलून आत गेले.

यंत्र गेलं ते गेलंच. मी कामाचे दिवस कमी केले आणि व्हॅन चालवायला लागले. निनाद शेजारी बसून पाट्या मोठ्यानं वाचतो. फाट्यावर उतरून लोकांना विचारतो, दोघांनी दोन वेगळे रस्ते सांगितले की तिसऱ्याला विचारतो. चुकतो आम्ही पुष्कळ. घाम त्याला अजून फुटतो. डॉक्टर म्हणतात, वाट पाहा. मी रोज सकाळी त्याचा चेहरा वाचते, काही पालवलंय का बघते, आणि मग पोह्यांना लागते. पहिले काही आठवडे मी फार आशा धरली होती, की एके दिवशी तो मला बघेल आणि सगळं एकदम परत येईल. आलं नाही. आलं ते वेगळंच.

तो मला बघायला लागला. म्हणजे खरोखर बघायला. मी कशाला हसते, कशाला चिडते, ट्रकवाल्याला शिवी देताना ओठांतल्या ओठांत कशी देते. ओळखीच्या बायकोकडे कोण इतकं निरखून बघतं? मला प्रश्न विचारायचा: लहानपणी कुठे होतात, गाणं शिकलात का, पावसात भिजायला आवडतं का. यातलं सगळं त्याला माहीत होतं, पण नव्यानं ऐकायचं असायचं. मी पुन्हा सांगायचे आणि तो पुन्हा ऐकायचा, मध्ये मोबाइल न बघता.

परवा इस्लामपूरहून परत येत होतो. काम लवकर झालं होतं, ऊन छान पडलं होतं. एका ठिकाणी उसाचा रस प्यायला थांबलो. निनाद हातातला ग्लास नुसताच फिरवत होता. त्याचे कान लाल झाले होते.

"एक विचारू? राग नाही ना येणार?"

"विचारा."

"मला अजून आतून तसं काही वाटत नाही. खोटं कशाला सांगू? पण तुम्ही शेजारी नसलात की करमत नाही." त्यानं रसाचा एक घोट घेतला, उगाचच. "तुमची हरकत नसेल, तर... मी तुम्हाला 'तू' म्हणू का?"

हा शब्द पुन्हा ऐकायला मी किती तडफडले होते, ते माझं मला माहीत. मी उरलेला रस एका दमात संपवला. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये त्यानं लग्नाचं विचारलं होतं, तेव्हाही मी त्याला लगेच उत्तर दिलं नव्हतं.

"विचार करून सांगते," मी म्हटलं, आणि व्हॅनची किल्ली शोधायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.